लॅपटॉप घेतला, आत काय घालायचे?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका ताईंचा निरोप आला, "भाऊ, जरा येऊन जा. पोरीच्या लॅपटॉपचा घोळ झालाय." ताई चार घरची धुणीभांडी करतात. बचत गटाचे कर्ज उचलून बी. कॉम. करणाऱ्या मुलीला लॅपटॉप घ्यायचे त्यांनी ठरवले होते. दुकानदाराने दोन भाव सांगितले. एक विंडोज घातलेल्याचा आणि दुसरा, काही हजारांनी कमी, रिकाम्या यंत्राचा. वर म्हणाला, "रिकामा घ्या, विंडोज मी फुकट टाकून देतो."

वाचकहो, हे 'फुकट' म्हणजे चोरीचे. कायदा घटकाभर बाजूला ठेवू. पण चोरीची प्रत चालू करायला जे कुलूपतोडे प्रोग्रॅम वापरतात, त्यांच्याबरोबर व्हायरस आत शिरू शकतो. आणि त्याच यंत्रावर ही मुलगी महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार, बँकेचा खाते क्रमांक टाकणार!

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा हेडक्लार्क. कोणती फाईल कुठे आहे, प्रिंटरला कागद कधी द्यायचा, सारे त्याच्या हाती. हेडक्लार्कच लबाड निघाला तर कचेरीचे काय होते, ते आम्हा कारकुनांना सांगायला नको.

कायद्याने फुकट मिळणारी सिस्टीमही आहे. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली सुरू केलेली लिनक्स. आपल्या पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकने 2007 मध्ये तिचाच 'बॉस' नावाचा भारतीय अवतार काढला, त्यात मराठीही आहे. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकवतात. आमच्या वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपवरही तीच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज 11 त्या यंत्राला घेईना, कारण तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते. यंत्र भंगारात जायचे, ते लिनक्सने वाचले.

तिथे एक अडचण मात्र आली. मंडळाची जुनी इतिवृत्ते उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला! दोष लिनक्सचा नव्हता. ती इतिवृत्ते युनिकोडच्या आधीच्या 'सुरेख' फॉन्टात टंकलेली. तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजवरही हेच दिसते. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणे हाच उपाय. ज्यांच्या संस्थांचे कागद असे अडकले असतील त्यांनी आजच बघावे.

तेव्हा ताईंकडे जाताना, खरे सांगतो, लिनक्स घ्या म्हणायचे मी घरूनच ठरवून निघालो होतो. मुलीने एका वाक्यात गप्प केले. "मामा, मला टॅली शिकायचीय."

टॅली विंडोजसाठीच बनलेली. लिनक्सवर ती खटपटीने चालवतात, पण नवशिक्या मुलीने टॅली शिकायची की खटपट? हिशेबनिसाच्या नोकरीत पहिला प्रश्न टॅलीचाच येतो. शिकाऊ टॅली फुकट उघडते. ठरावीक तारखांच्याच नोंदी घेते, पण सरावाला पुरते. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस विंडोजवरही फुकट चालते, म्हणजे तो खर्च वाचला.

शेवटी कंपनीनेच विंडोज घातलेला लॅपटॉप पक्क्या बिलावर घेतला. कर्जाचे दोन हप्ते वाढले. ताई म्हणाल्या, "वाढू देत." मुलगी आता रविवारी वाचनालयात येऊन ती इतिवृत्ते युनिकोडमध्ये उतरवते. 1998 सालापर्यंत पोहोचली आहे.