धुराडं गेलं कुठे?

फणसवाडीतल्या माझ्या मावशीला दोन महिने रोज सकाळी ‘पित्त’ होत होतं. अंघोळ झाली की डोकं जड, मळमळ, पायांतलं त्राण गेलेलं. दुपारी मात्र बालाजीच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायची. मोरावळा झाला, सुंठसाखर झाली. लेकीने बोटाला ऑक्सिमीटरही लावून पाहिला. आकडा 98. सगळे निर्धास्त.

मी रविवारी गेलो तो या सदरासाठी मोरीच्या टाइल्स बघायला. दिवाळीत मोरीचं ‘बाथरूम’ झालं होतं: सरकता दरवाजा, पीओपीचं सीलिंग, गॅसचा गीझर. गीझरच्या डोक्यातून चकचकीत पाइप वर जाऊन सीलिंगमध्ये शिरलेला. पुढे कुठे जातो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टुलावर चढून दिव्याच्या भोकातून टॉर्च मारला. पाइप तिथेच संपत होता. धूर पोटमाळ्याखालच्या वीतभर पोकळीत सोडलेला. वर एक्झॉस्ट फॅन बसवलेला, ‘वाफ जायला’. दार बंद करून तो लावला की बाहेरून हवा येणार कुठून? मग तो पाइपातलाच धूर खाली ओढून घेतो.

गॅसला जळायला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेल्यावर तो उरत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला असं रक्तही ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. मावशीचा 98 तो हा.

जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अशाच बंद बाथरूममध्ये बेशुद्ध पडली आणि पुढे दगावली. आधी पाय जातात, त्यामुळे कडीपर्यंत हात पोचत नाही. कादंबरीकार एमिल झोला 1902 मध्ये पॅरिसच्या घरात गेले, तेही शेगडीची चिमणी तुंबल्यामुळे.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं कोण म्हणेल? तांब्याच्या बंबाच्या पोटातून धुराडं गेलेलं असायचं, आणि तो पेटवायचा गॅलरीत. मोरीला दार नव्हतं, पडदा होता. अर्धी भिंत होती. चाळीतल्या त्या उघडेपणाला आपण नाकं मुरडली (मीही मुरडली), आणि फटी बुजवता बुजवता हवाही बुजवून टाकली.

प्लंबरला मी चार शब्द सुनावणार होतो. तो म्हणाला, “साहेब, पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक लागतं. भोक कोण पाडू देतो?” खरं आहे ते. पागडीची जागा, भिंत मालकाची, इमारत उपकरप्राप्त. शेजाऱ्यांनाही त्यांच्या खिडकीशी धूर नको. तरीही माझं मत पक्कं आहे: भोक मिळत नसेल, तर गीझर बसवायचाच नाही. पाइप उघड्या हवेत संपला पाहिजे, तोंडाशी वारा उलटा शिरू नये म्हणून टोपी पाहिजे, आणि खोलीत ताजी हवा येणारी जाळी कधीही बंद करायची नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, वर काजळी धरली, की नळ बंद. अंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला उघड्यावर आणा. आणि इस्पितळात ‘चक्कर आली’ एवढंच न सांगता गीझरचंही सांगा.

मालकाच्या मुनीमजींनी अर्ज लेखी मागितला आहे. तोवर मावशी शेगडीवर पातेलं चढवते. परवा फोनवर म्हणाली, “अरे, तो बंब आपण मोडीत कितीला दिला होता रे?”