मावळे पुण्याचे, किल्ला उदगीरचा

दसरा सरून दिवाळीची चाहूल लागली, की महाराष्ट्रातील अंगणांत आणि सदनिकांच्या वाहनतळांवर माती कालवली जाऊ लागते. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा गिलावा, उतारावर पेरलेली मोहरी वा हळीव आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती, असा हा बालदुर्ग चार-पाच दिवसांत उभा राहतो. पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात ही प्रथा जितकी मुरली, तितकी ती मराठवाड्यात मुरलेली नव्हती. शाळा, मंडळे आणि वसाहतींनी भरवलेल्या स्पर्धांमुळे आता नांदेड-लातूरच्या घरांतही ती रुजू लागली आहे. ही आनंदाची गोष्ट होय. मात्र माती अंगणात मिळते, दगड रस्त्याकडेला मिळतात; सैन्य तेवढे विकत आणावे लागते, आणि तेथेच घोडे पेंड खाते.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. धान्यापासून सोन्यापर्यंत सारे काही तेथे मिळते. परंतु एकाच मापाचे वीस मावळे, सहा घोडेस्वार आणि त्यांना शोभेल एवढी तोफ मागणाऱ्या पालकाची पुष्कळदा निराशा होते. नांदेडच्या वजिराबादेतही निराळा अनुभव येण्याचे कारण नाही. पुण्यात कसबा पेठेतील कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी अशा मूर्तींच्या रांगाच मांडलेल्या असतात. तेथून लातूर सुमारे सव्वातीनशे, तर नांदेड साडेचारशे किलोमीटर दूर. एवढा प्रवास करून आलेल्या प्लास्टरच्या घोड्याचा पाय आणि मावळ्याच्या तलवारीचे टोक शाबूत राहिले, तर ते नशीबच म्हणायचे. यात दुकानदाराला दोष देणे न्यायाचे होणार नाही. जो माल वर्षातून आठ-दहा दिवस खपतो, हाताळताना फुटतो आणि उरला तर पुढच्या दिवाळीपर्यंत गोदामात धूळ खातो, त्यात भांडवल अडकवण्यास कोणता व्यापारी धजेल?

माल मिळाला, तरी त्याच्या मापांचा मेळ बसत नाही. मावळा तीन इंचांचा, महाराज सात इंचांचे, तोफ दरवाजाहून रुंद, आणि संख्या भरून काढण्यासाठी सोबत हिरव्या प्लास्टिकचा बंदूकधारी जवान! हिशेब साधा आहे. साडेपाच फुटी माणसाची मूर्ती तीन इंचांची असेल, तर प्रमाण एकास बावीस होते. या प्रमाणात चाळीस फुटी तट सुमारे पावणेदोन फुटांचा होतो आणि तीनशे मीटर लांबीची एक बाजू साडेतेरा मीटर जागा अडवते. ती कोणत्या अंगणात मावणार? जगभरच्या छंदिष्टांत रूढ असलेले एकास बहात्तर हे प्रमाण घेतले, तर माणूस इंचाहून किंचित कमी भरतो, तोच तट सुमारे पावणेसात इंचांचा होतो आणि ती बाजू सव्वाचार मीटरमध्ये बसते. शाळेच्या सभागृहात तरी असा किल्ला मांडता येईल. पण इंचभर उंचीचा मराठा सैनिक नांदेड-लातूरच्या बाजारात मागितला, तर दुकानदार बुचकळ्यात पडतो.

मापाहून मोठा प्रश्न साच्याचा आहे. बाजारात मिळणारा मावळा हा सतराव्या शतकातील सह्याद्रीचा पाईक. त्याच्याविषयी आदर नाही, असे कोण म्हणेल? पण मराठवाड्याच्या भूमीवर जी युद्धे झाली, ती बव्हंशी निराळ्या काळातील आणि निराळ्या धाटणीची आहेत. १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडले ते घोडदळाच्या वेगवान हालचालींनी. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे तरुण माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा मोड केला. आणि १७६० च्या प्रारंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औशाच्या परिसरात निजामाला असे जेरीस आणले, की त्याला सुमारे साठ लाख उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही स्थळे सोडून द्यावी लागली. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफखाना मराठ्यांच्या बाजूने लढत होता. पुढे वर्षभरातच हे भाऊ आणि हाच इब्राहिमखान पानिपतावर कामी आले. हा प्रसंग लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला मांडायचा असेल, तर त्याला कवायती गारदी हवेत, हुजुरातीचे स्वार हवेत, निजामाचे हत्ती हवेत, बैलांनी ओढलेल्या तोफा हव्यात. बाजार त्याच्या हाती ढाल-तलवारीचा तोच एक मावळा ठेवतो.

किल्ल्याचेही तसेच आहे. अंगणातला किल्ला म्हणजे डोंगर, हे समीकरण सह्याद्रीने घालून दिले. मराठवाड्यात माहूरसारखा गिरिदुर्ग आहेच. पण कंधार, उदगीर, औसा हे भुईकोट आहेत. दुहेरी तटबंदी, बुरुजांची माळ, वळणाचे दरवाजे आणि सभोवती खंदक, ही त्यांची ओळख. ते मांडायला चिखलाचा ढीग उपयोगाचा नाही. सरळ भिंती आणि सारख्या मापाचे बुरूज लागतात. त्यात येथील काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे आज घातलेला तट उद्या सकाळी तडकलेला दिसतो. परिणामी उदगीरचा किल्ला रोज शाळेच्या वाटेवर पाहणारे मूलही दिवाळीत रायगड किंवा प्रतापगडच करते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या वारशात ज्या बारा दुर्गांना जागतिक मान्यता दिली, त्यांतही मराठवाड्याचा एकही दुर्ग नाही. ती यादी मराठा लष्करी स्थापत्याची असल्याने त्यावर रुसण्याचे कारण नाही. पण गावच्या किल्ल्याचा परिचय गावच्या मुलांना करून देण्यासाठी युनेस्कोची वाट पाहायची नसते.

या साऱ्यात प्रौढ छंदिष्टाची स्थिती तर अधिकच अवघड. नोकरी-व्यवसाय सांभाळून रात्री तासभर एखाद्या लढाईची प्रतिकृती रचणारा गृहस्थ दुकानात शिरला, की ‘मुलगा किती वर्षांचा?’ हा पहिला प्रश्न ठरलेला. बारीक कामाचे कुंचले हवे असतात, तेथे पोस्टर रंगांची पेटी पुढे येते. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच. पण त्याची जागा घेणारे हलके, कोरता येण्याजोगे साहित्य जिल्ह्याच्या बाजारात सहज मिळत नाही. शेवटी भ्रमणध्वनीवरून मागणी नोंदवायची, आठ दिवस वाट पाहायची आणि चित्रातली वस्तू व खोक्यातली वस्तू यांचे नाते शोधत बसायचे!

हा छंद पोरकट आहे, असे मानणाऱ्यांनी जगाकडे पाहावे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे मांडून युद्धाभ्यास करण्याची पद्धत रूढ केली. सेनाधिकारी त्यावर घडले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर नियमांचे पुस्तक लिहिले. आज युरोपात हा मोठा व्यवसाय झाला आहे आणि नेपोलियनच्या सैन्यातील एकेका पलटणीचा गणवेश बटणांसकट तेथे विकत मिळतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर मांडून चतुरंग खेळणाऱ्या देशाला ही कल्पना परकी नाही. परके झाले आहे ते साहित्य.

येथे धोरणाचाही विचार करावा लागतो. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाची सक्तीही लागू झाली. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना तीतून सूट मिळाली. निकृष्ट आणि घातक परदेशी खेळण्यांना पायबंद घालणारे हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु आयात रोखली म्हणजे देशी वस्तू आपोआप तयार होते, असे नाही. रिकामी झालेली जागा कोणीतरी भरावी लागते. ती भरली गेली नाही, तर ग्राहकाच्या वाट्याला महाग परदेशी माल किंवा रिकामे हात, एवढेच पर्याय उरतात. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तर या पुढच्या अर्ध्या कामाची अधिक काळजी करायला हवी.

ते काम अशक्य मुळीच नाही. नांदेडहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तेलंगणातील निर्मल येथे पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि चित्रे पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहेत. त्या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. लाकूड कोरून एकाच मापाचे हत्ती, घोडे, स्वार करणारे हात पुण्यापेक्षा निर्मलला जवळ आहेत. मराठवाड्यातील कुंभार गणपती, बैल आणि पणत्या करतातच. त्यांना हवा आहे तो अचूक साचा आणि खपाची हमी. साच्याचा पहिला नमुना आज संगणकावर रेखून त्रिमिती छपाईने काढता येतो. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांना एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम सहज करता येईल. अठराव्या शतकातील पोशाख, शस्त्रे, निशाणे यांची खातरजमा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी करावी. आणि शाळांनी, मंडळांनी आपली मागणी दिवाळीच्या आठवड्यात न नोंदवता उन्हाळ्याच्या सुटीतच नोंदवावी. दहा शाळांनी मिळून पाचशे गारदी आणि दोनशे स्वार मागितले, तर कारागिराला पावसाळ्यापूर्वी काम मिळेल आणि दुकानदाराला माल अंगावर पडण्याची धास्ती उरणार नाही.

स्पर्धांच्या आयोजकांवरही एक जबाबदारी येते. आपल्या जिल्ह्यातील दुर्गाला किंवा युद्धप्रसंगाला निराळे पारितोषिक ठेवले, तर मुले कंधारचा खंदक मोजायला जातील, औशाच्या बुरुजांवरील तोफा पाहतील, उदगीरच्या लढाईत कोण कोणत्या बाजूला होते हे आजोबांना विचारतील आणि आजोबांनाही पुस्तक उघडावे लागेल. हाताने रचलेला इतिहास पाठ केलेल्या इतिहासापेक्षा अधिक काळ टिकतो. मराठवाड्याच्या मुलांनी रायगड अवश्य रचावा. पण त्याच अंगणात उदगीरही उभा राहावा आणि त्याच्या तटासमोर उभे राहणारे सैन्य याच भागातील कारागिराच्या हातून घडलेले असावे. येत्या दिवाळीसाठी त्याची बोलणी आतापासूनच सुरू व्हायला हवीत.