गिरणीतली मुले आणि विल्सन यांचा कायदा

अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील बालमजुरी संपवली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान टिकणारे नाही. चौदा वर्षांखालील मुले राबवणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर विकण्यास विल्सन यांच्या त्या वर्षीच्या कायद्याने बंदी केली खरी. पण १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्दच केला. टिकाऊ बंदी आली ती १९३८ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत.

आपल्याकडेही गिरण्यांत मुले राबतच होती. सोलापुरात जुनी मिल १८७७ ची. भोंगा झाला की मोठ्यांबरोबर पोरेही साच्यांवर. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत मुलांना सहा तास, पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. अर्थात अशा कायद्यांमागे कळवळ्याइतकीच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना वाटणारी स्पर्धेची धास्तीही होती.

— एक वाचक, सोलापूर