आरोग्याचा तास आणि कोरडा नळ

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक सरकारी शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी पोषण, स्वच्छता, मानसिक स्वास्थ्य, स्त्री-पुरुष समानता, व्यसनमुक्ती अशा अकरा विषयांचे पाठ आठवड्यातून एक तास घ्यावयाचे, अशी त्याची आखणी आहे. या यादीस पुरोगामी विचाराच्या माणसाने विरोध करण्याचे कारण नाही. २००७ साली ‘संस्कृतिरक्षणा’च्या नावाखाली महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक इत्यादी राज्यांत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद पाडण्यात आला होता. त्या पार्श्वभूमीवर शरीराविषयी वर्गात मोकळेपणाने बोलले जाणे हे पुढचे पाऊलच होय.

परंतु आरोग्य हा केवळ सांगण्याचा विषय नाही. ज्या शाळेत हा तास होतो, त्या शाळेचे स्वरूप काय, हा खरा प्रश्न आहे.

२०१४-१५ या एका वर्षात देशभरातील शाळांत चार लाखांहून अधिक स्वच्छतागृहे बांधल्याचा मोठा गाजावाजा झाला. त्यांपैकी सार्वजनिक उद्योगांकडे सोपविलेल्या २,६९५ स्वच्छतागृहांची पाहणी महालेखापरीक्षकांनी पंधरा राज्यांत केली. त्यांचा अहवाल २०२० मध्येच, म्हणजे आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी, संसदेपुढे आला. काही स्वच्छतागृहे केवळ कागदावर होती. जी प्रत्यक्ष बांधलेली आढळली, त्यांतील ७२ टक्के स्वच्छतागृहांत वाहते पाणी नव्हते आणि ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. अशा शाळेत ‘जेवणापूर्वी साबणाने हात धुवा’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि कोरड्या नळाखालून जेवावयास जातात. त्यातून मुले आरोग्य शिकत नाहीत. बोलावयाचे एक व वागावयाचे दुसरे, एवढेच शिकतात.

स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसले, की मुली दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. केरळमध्ये २०१९ साली शाळांतून केवळ पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा वाजू लागली व लवकरच इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. उपाय साधा आहे; पण ही घंटा सार्थ ठरते ती पिण्याचे शुद्ध पाणी आणि दाराला कडी असलेले स्वच्छतागृह असेल तेव्हाच.

आहाराचीही तीच कथा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या मुलींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५९.१ टक्क्यांवर गेले. या मुलींना लोह व प्रथिनांचे महत्त्व कोणी सांगितले नाही, म्हणून असे झाले काय? तामिळनाडूच्या शाळांत मुलांच्या ताटात नियमितपणे अंडे असते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी काढून घेण्यात आला. अंडे द्यावयाचे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे सांगण्यात आले. प्रथिनांचा पाठ वर्गात राहिला. अंडे मात्र ताटातून गेले.

आणि ते ताट वाढणारी स्त्री? शाळेतील आरोग्याचा सर्वांत मोठा भार तिच्यावर आहे. केंद्राने २००९ साली तिचे मानधन दरमहा एक हजार रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, असे ठरविले. पुढील पंधरा वर्षांत केंद्राने त्यात एका रुपयाचीही भर घातली नाही. काही राज्यांनी स्वतःची भर घातली, ती बव्हंशी या स्त्रियांच्या संघटित लढ्यामुळे. जिला ‘कामगार’ म्हणावयासही सरकार तयार नाही, तिच्या हातचे अन्न खाऊन मुलांनी श्रमप्रतिष्ठेचा धडा गिरवावयाचा आहे.

या साऱ्यामागे एक निश्चित दृष्टी आहे. आरोग्य ही व्यक्तीची सवय मानली, की अनारोग्य हा व्यक्तीचा दोष ठरतो. मूल आजारी पडले तर त्याने हात धुतले नसतील; मुलगी अशक्त असेल तर तिच्या आईला आहारशास्त्र कळत नसेल. खर्चाची जबाबदारी राज्यसंस्थेच्या खांद्यावरून अलगद उतरते आणि गरिबाच्या घरावर अज्ञानाचा शिक्का बसतो.

म्हणून आरोग्याचा तास रद्द करा, ही मागणी नव्हे; तो खरा करा, ही मागणी आहे. मुलांनी आपल्या शाळेतील नळ मोजावेत, किती चालू आहेत ते वहीत लिहावे, ताटातील डाळ ठरलेल्या प्रमाणात आहे की नाही ते पडताळावे. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि शुद्ध पाणी ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने घातलेली अट आहे, हे त्यांना शिक्षकांनी सांगावे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. मुलांच्या वहीतील नोंद या समितीपुढे ठेवली गेली पाहिजे.

पालक, शिक्षक, अंगणवाडी व शालेय पोषण कर्मचारी अशा सर्वांत काम करणाऱ्या साथींनी या समित्यांकडे क्षुल्लक काम म्हणून पाहू नये. नळाला पाणी का नाही, हा प्रश्न ज्या वर्गात मोकळेपणाने विचारता येईल, तेथेच आरोग्यशिक्षणाला खरा आरंभ होईल.