स्वयंप्रतिपिंडांची परीक्षा : कोणत्या पद्धतीवर किती विसंबावे?

शरीराच्या रक्षणासाठी निर्माण होणारी प्रतिपिंडे कधीकधी आपपरभाव विसरतात आणि स्वतःच्याच पेशींवर उलटतात. अशा स्वयंप्रतिपिंडांमुळे उद्भवणाऱ्या विकारांत ल्युपस हा प्रमुख होय. तो बहुधा तरुण स्त्रियांना गाठतो आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांपैकी कशावरही घाला घालतो. त्याच्या निदानासाठी रक्ताची जी पहिली परीक्षा करतात, तिला पेशीकेंद्रविरोधी प्रतिपिंडांची परीक्षा, अथवा प्रचारातील नावाने 'ए.एन.ए.', असे म्हणतात. ही परीक्षा मुख्यतः दोन पद्धतींनी होते. परंतु अहवालाच्या कागदावर दोहोंचे उत्तर पुष्कळदा 'पॉझिटिव्ह' या एकाच शब्दात लिहिलेले असते. माझा आक्षेप या शब्दावर आहे. (त्यासाठी 'सकारात्मक' असे लिहिण्याची प्रथा आम्हा अनुवादकांत पडली आहे. ज्या उत्तराने घरातील माणसांची झोप उडते, त्याला सकारात्मक म्हणवत नाही. 'होकारार्थी' हा शब्द बरा.)

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रोग्यांच्या अस्थिमज्जेत एक चमत्कारिक पेशी आढळली. दुसऱ्या पेशीचे केंद्र तिने गिळलेले होते. ही 'एल.ई. पेशी' सूक्ष्मदर्शकाखाली शोधणे, हीच त्यानंतर कित्येक वर्षे ल्युपसची परीक्षा होती. ती वेळखाऊ होती आणि अनेक रोगी तीतून निसटत. १९५७ च्या सुमारास अनुस्फुरण-पद्धती आली. तीत काचेवर पेशींचा थर देऊन त्यावर रोग्याचा विरल केलेला रक्तरस सोडतात. केंद्रास चिकटणारी प्रतिपिंडे त्यात असली, तर नंतर घातलेले चकाकणारे द्रव्य त्यांना धरून राहते आणि सूक्ष्मदर्शकात केंद्रे हिरवी उजळून दिसतात. पूर्वी यासाठी उंदरांच्या यकृताचे वा मूत्रपिंडाचे छेद वापरीत. आता 'हेप-२' नावाच्या मानवी पेशी वापरतात. या पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून मिळाल्या, असा दीर्घकाळ समज होता. पुढे त्या सुप्रसिद्ध हेला-पेशींच्याच वंशातील ठरल्या. त्यांत शंभरावर निरनिराळी प्रतिजने असतात, आणि उजेडाच्या आकृतीवरून, म्हणजे तो एकसंध आहे, ठिपकेदार आहे की केंद्राच्या कडेस आहे यावरून, प्रतिपिंड कोणत्या जातीचे असावे याची अटकळ बांधता येते.

१९७१ मध्ये स्वीडनमधील एंगव्हाल व पर्लमान यांनी 'एलायझा' ही पद्धती प्रसिद्ध केली. येथे पेशी नसतात. तबकडीच्या खळग्यांत शुद्ध केलेली काही प्रतिजने बसविलेली असतात आणि यंत्र रंगाची तीव्रता मोजते. काम झपाट्याने होते, तज्ज्ञाचे डोळे शिणत नाहीत, आकडा मिळतो. परंतु खळग्यात जे बसविलेच नाही, त्याविरुद्धचे प्रतिपिंड यंत्रास सापडणार कोठून? म्हणून एलायझाचे नकारार्थी उत्तर अनुस्फुरणाच्या नकारार्थी उत्तराइतके आश्वासक मानता येत नाही. ल्युपसच्या वर्गीकरणाचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१९ साली ठरले, त्यांचे प्रवेशद्वारही हेप-२ पेशींवरील १:८० वा त्याहून अधिक विरलतेचे होकारार्थी उत्तर, किंवा त्याच्या तोडीच्या परीक्षेचे उत्तर, हेच आहे.

तथापि अनुस्फुरण-पद्धतीचा दोष नेमका उलटा आहे. ती फार सहज 'होय' म्हणते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निरोगी माणसांपैकी ३१.७ टक्क्यांचा रक्तरस १:४० विरलतेस, १३.३ टक्क्यांचा १:८० विरलतेस, आणि ५ टक्क्यांचा १:१६० विरलतेसही होकारार्थी ठरला. अंगदुखीच्या तक्रारीने आलेल्या हजार व्यक्ती घ्या आणि त्यांत दहांना खरोखर ल्युपस आहे असे समजा. १:८० विरलतेस ते दहाही सापडले, तरी उरलेल्या ९९० पैकी सुमारे १३२ जणांनाही तेच उत्तर मिळेल. म्हणजे होकारार्थी अहवाल हाती पडलेल्या चौदा जणांत खरा रोगी एकच.

रायपुरात हा हिशोब अधिकच बिकट होतो. मलेरिया, क्षय आणि कुष्ठरोग या तिन्ही व्याधींत ही स्वयंप्रतिपिंडे रक्तात दिसू शकतात, आणि छत्तीसगडला या व्याधी परक्या नाहीत. बस्तरचा मलेरिया तर सर्वश्रुत आहे. त्यात सांधे व हाडे दुखण्याचे आणखी एक कारण येथे घरोघरी ठाऊक आहे, ते सिकलसेल. या रोगाच्या बाबतीत येथील सामान्य माणूसही दोन पायऱ्या जाणतो. विद्राव्यता-चाचणी होकारार्थी आली म्हणून कोणी त्यास रोगी म्हणत नाही; वाहक कोण व रोगी कोण, हे ती सांगत नाही, त्यासाठी विद्युत्संचारण-परीक्षा करावी लागते. जो विवेक सिकलसेलच्या बाबतीत या शहराच्या अंगवळणी पडला आहे, तो ए.एन.ए.च्या बाबतीत का नसावा?

माझे म्हणणे असे की, अहवालावर पद्धतीचे नाव, विरलता आणि आकृती या तिन्ही गोष्टी छापल्याखेरीज तो रोग्याच्या हाती देऊ नये. केवळ थकवा वा कंबरदुखी आहे म्हणून ही परीक्षा सांगूही नये. यंत्राच्या पक्षाचे लोक म्हणतील की, आकृती ओळखणारा अनुभवी डोळा प्रत्येक गावी मिळत नाही, आणि एकाच काचेवर दोन तज्ज्ञांचे मत भिन्न होते. हे खरे आहे. परंतु रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. येथे तरी ती सबब लंगडी वाटते.

दुसऱ्या पायरीवर मात्र एलायझाचा उपयोग मोठा आहे. दुपदरी डी.एन.ए.विरुद्धची प्रतिपिंडे तीने मोजता येतात. ती सैलपणे चिकटणारी प्रतिपिंडेही टिपते, म्हणून शंका असल्यास क्रिथिडिया नावाच्या, माश्यांच्या अंगात राहणाऱ्या एकपेशीय परजीवीवर पडताळा पाहतात. त्याच्या एका कणिकेत असे डी.एन.ए. दाटून भरलेले असते. ही परीक्षा काही रोगी सोडून देते, पण तिने 'होय' म्हटले की ते सहसा खोटे ठरत नाही. दुपदरी डी.एन.ए.विरुद्धच्या प्रतिपिंडांचा आकडा अनेक रोग्यांत रोगाच्या चढउताराबरोबर हलतो, म्हणून ती परीक्षा पुनःपुन्हा करणे सयुक्तिक आहे. ए.एन.ए.चे तसे नाही. ती एकदा होकारार्थी आली आणि निदान झाले की, दर सहा महिन्यांनी तिच्यावर पैसे खर्च करण्याचे काही कारण उरत नाही.