व्हायव्हाच्या टेबलावर आडनाव कशाला हवे?

मेडिकलला परीक्षेची भीती सगळ्यांनाच वाटते. अभ्यासक्रमच तेवढा अवाढव्य आहे. त्यावर कॉलेजांनी एक ठरलेला इलाज शोधलाय : वर्षातून एकदा समुपदेशकाचे व्याख्यान. झोप पुरेशी घ्या, ध्यान करा, सकारात्मक राहा. म्हणजे दोष विद्यार्थ्याच्या मनात आहे, हे आधीच ठरवून टाकले! प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर मात्र कुणी व्याख्यान ठेवत नाही.

मित्रांनो, आधी ही परीक्षा चालते कशी ते पाहा. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते. पण प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाला विद्यार्थी स्वतः समोर उभा असतो. त्याचा चेहरा, त्याची बोली, त्याचे अडखळणारे इंग्रजी, सगळे टेबलावर येते. समोरचे अंतर्गत परीक्षक बहुधा वर्षभर शिकवणारेच असतात. इंटर्नलचे गुण त्यांच्याच विभागाच्या हातात, हजेरीही त्यांच्याच हातात. इंटर्नलमध्ये एकूण 50 टक्के भरले नाहीत तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसताच येत नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला संधी फक्त 4. एवढी सत्ता ज्यांच्याकडे आहे, त्यांनी वर्षभर 'कोट्यातून आलास का', 'नीटला किती मार्क होते', 'पूर्ण नाव सांग' असे विचारले, तर त्या मुलाच्या पोटात गोळा येणारच. याला आजार कसे म्हणायचे? त्याने परिस्थिती बरोबर ओळखलेली असते.

हे आपले रडगाणे नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींवर 2006 मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शिक्षकांकडून पुरेसे सहकार्य मिळत नाही, असे तिथल्या सुमारे 69 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले. परीक्षक सरळ किंवा आडवळणाने जात काढतात, ही तक्रारही त्याच अहवालात आहे. देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेची ही अवस्था!

'जात विचारली म्हणून उत्तर का विसरावे? अभ्यासच कच्चा असेल,' असे यावर हमखास ऐकवले जाते. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. मग सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारून तीच कोडी दिली. दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. बदलली ती फक्त पुकारणाऱ्याची एक ओळ. व्हायव्हाला आडनाव विचारणारा परीक्षक नेमके हेच करतो आणि वर त्या घसरणीला 'मेरिट नाही' असे नाव देतो.

चंदीगडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जसप्रीत सिंग हा शेवटच्या वर्षाचा दलित विद्यार्थी एका विषयात नापास ठरवला गेला. 2008 मध्ये त्याने जीवन संपवले. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत विभागप्रमुखावर आरोप होता. पुढे बाहेरच्या प्राध्यापकांनी त्याच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, तेव्हा तो पास निघाला. तिथे निदान तपासायला कागद होता. व्हायव्हाचा कागद कुठून आणायचा?

सगळे शिक्षक असे नसतात, हेही खरे. बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाची केळुस्कर गुरुजींनी आपुलकीने चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. शिक्षकाच्या नजरेत केवढी ताकद असते, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको. पण लाखो मुलांचे भवितव्य चांगला शिक्षक भेटण्याच्या नशिबावर सोडता येणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला नशिबावर नव्हे, हक्कावर जगायला शिकवले.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. व्हायव्हाच्या टेबलावर फक्त आसन क्रमांक; आडनाव, प्रवर्ग आणि नीटचे गुण विचारायला लेखी मनाई. प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्रपणे, आपसात चर्चा करण्याआधी लिहावेत. तोंडी परीक्षेचे चित्रीकरण व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांत सांगितलेला समान संधी कक्ष पाटीपुरता न राहता त्यात आपले प्रतिनिधी असावेत.

एक काम तर उद्यापासूनच करता येईल. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कुणाचेही नाव नको. फक्त प्रवर्गनिहाय लेखीचे सरासरी गुण आणि व्हायव्हाचे सरासरी गुण मागा, विभागवार, 5 वर्षांचे. लेखीत बरोबरीने असलेली मुले तोंडीत एकाच विभागात दरवर्षी मागे पडत असतील, तर समुपदेशनाची गरज कुणाला आहे ते आकडेच सांगतील.

आणि मेडिकलच्या माझ्या भावा-बहिणींनो, व्हायव्हाच्या दाराबाहेर हात थरथरले तर स्वतःला कमकुवत समजू नका. एकटे राहू नका, सीनियरशी बोला, घडलेले तारखेसह लिहून ठेवा. तुमच्या वहीतली ती नोंद उद्या पुरावा ठरेल.

जय भीम!