मृत्युपत्र आणि मुलींचा वाटा

मृत्युपत्र हा धनिकांचा विषय, अशी आपल्या अनेक कार्यकर्त्यांची समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. धनिकाला वर्षानुवर्षे चालणारा दावा परवडतो. दोन एकर कोरडवाहू मागे ठेवणाऱ्याचे कुटुंब मात्र त्यात धुऊन निघते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेला साधा कागद पुरतो.

परंतु प्रश्न केवळ सोयीचा नाही. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. त्यातून वगळलेल्या विवाहित मुलींनाही २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो मिळाला. तरीही बाप गेला की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते, आणि माहेर तुटेल या धास्तीने त्या सही करतात. बापानेच हयातीत, सर्वांना समोर बसवून, पत्नीचा व मुलींचा वाटा लिहून ठेवला, तर मागण्याचे ओझे त्यांच्यावर पडत नाही.

अर्थात हाच कागद मुलींना डावलण्यासाठीही वापरता येतो, आणि वापरला जातो. म्हणूनच सभेत समतेचा पुरस्कार करणाऱ्याने आपले मृत्युपत्र लिहावे आणि ते घरच्यांना वाचून दाखवावे. त्याच्या समतेची खरी परीक्षा तेथेच होईल.